बाबांच्या दातांचे स्क्रू

घरात दोन दातांचे डॉक्टर असले की एका तोंडावरून किती भांडता येतं, हे धाकटीला लग्न झाल्यावर कळलं. आणि ते तोंड सासऱ्यांचं असलं तर विचारूच नका.

सासरे, म्हणजे बाबा, शहरातल्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवायचे. हिरड्यांच्या आजाराने एकेक करत सगळे दात गेले आणि कवळी आली. क्लॅरिनेट वरच्या पुढच्या दातांवर टेकवून फुंकायचं असतं, त्यामुळे बाबांनी जोर लावला की कवळी जागा सोडायची. एकदा भर तालमीत ती निसटली. बाबांनी वाद्य पेटीत घातलं ते घातलंच. त्यानंतर घरात त्यांचं बोलणं कमी आणि चिडचिड जास्त.

मग जबड्यात इम्प्लांट, म्हणजे दातांच्या मुळांसारखे धातूचे खुंट, बसवले, ते हाडात छान रुजले. वाद्यवृंदाच्या संचालकांनी मोठ्या मनाने बाबांचं एकट्याचं वादन पुन्हा कार्यक्रमात घेतलं, पण बजावूनही ठेवलं. "जमलं तर खुर्ची तुमची. नाही जमलं तर दुसरा माणूस बघेन."

आता इम्प्लांटवर कायमचे दात अडकवायचे कसे, यावर दवाखान्यात दोघा डॉक्टरांची, धाकटीची आणि थोरल्या भाऊजींची, जुंपली.

"सिमेंटने चिकटवू," थोरले भाऊजी म्हणाले. हे धाकटीचे मोठे दीर, घरातही थोरले आणि दवाखान्यातही. "दाताला भोक नाही, काही नाही. दिसायला देखणे. स्क्रू ढिले होतात, मग बसा बोंबलत."

"ढिले झाले तर पिळता येतात, भाऊजी," धाकटी म्हणाली. " सिमेंट हिरडीखाली राहिलं तर सूज येते. आणि काही बिनसलं तर सगळं कापून काढायची वेळ येते. स्क्रूची भोकं दाताच्या रंगाने बुजवू, कुणाला पत्ता लागणार नाही."

"माझं तोंड म्हणजे काय बांधकाम आहे?" खुर्चीतून बाबा कडाडले. "सूनबाईचं ऐका. बिघडलं तर उघडून बघता येईल असं लावा."

"लावा," भाऊजी म्हणाले. "ढिले झाले की माझ्या नावाने ओरडू नका."

दात बसले. बाबा फुटाणे खाऊ लागले, आरशात बघून दात विचकू लागले, आणि उठल्यापासून झोपेपर्यंत क्लॅरिनेट वाजवून घर डोक्यावर घेऊ लागले. धाकटीला कोण आनंद! आणि कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी, उंच सुरावर, बाबांच्या तोंडात टक्क असं वाजलं. पुन्हा वाजवलं, पुन्हा टक्क. धाकटीने त्यांना तसंच दवाखान्यात नेलं.

दवाखान्यात भाऊजी होतेच. "सांगितलं होतं," ते म्हणाले. तेवढं म्हटल्याशिवाय त्यांचा दिवस गेला नसता. मग मात्र ते स्टूल ओढून शेजारी बसले.

धाकटीने बुजवलेली भोकं उघडली, स्क्रू सोडवले आणि वरची सगळी पंगत तळहातावर घेतली. उजवीकडचा एकच स्क्रू सैल होता. नुसता पिळला असता तर संध्याकाळी रंगमंचावर पुन्हा सुटला असता. पण सुटला का? बाबांचं चावणं तपासलं होतं, बोलणं तपासलं होतं, दात मिटणं तपासलं होतं. मग तिने कपाळावर हात मारला. ज्या कामासाठी दात हवे होते, ते वाद्य दोघांपैकी एकाही डॉक्टरने खुर्चीत आणलं नव्हतं!

"बाबा, पेटी उघडा."

दात परत बसवून, क्लॅरिनेट आणि दात यांच्यामध्ये दाब पडेल तिथे डाग उठवणारा निळा कागद धरून तिने बाबांना वाजवायला लावलं. निळा डाग उजव्या बाजूच्या एकाच दातावर उमटला.

"डावा सुळा हलायचा ना," बाबा ओशाळून म्हणाले, "म्हणून मी वाद्य उजवीकडे धरायचो. सुळा गेला, खोड राहिली."

"आता मधोमध धरायचं. आणि हा दात थोडा घासून कमी करते, म्हणजे भार दोन्ही पुढच्या दातांवर येईल." तिने स्क्रू सोडवून दात पुन्हा बाहेर काढले आणि तो एक दात घासला. भाऊजींनी हात पुढे केला.

"आण इकडे. पॉलिशला माझा हात बरा आहे." यंत्रावर दात फिरवता फिरवता ते पुटपुटले, "चिकटवले असते तर आज रडत बसलो असतो."

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं होतं. बाबा उभे राहिले, क्लॅरिनेट नेमकं मधोमध टेकवलं. धाकटी फक्त टक्क ऐकायला बसली होती, संगीत गेलं खड्ड्यात. सूर चढत गेला, वर, आणखी वर, आणि सगळ्यात वरच्या जागी जाऊन बाबा थांबले. सूर नितळ, भरदार. टक्क नाही की टिक्क नाही. संचालकांची छडी हवेत तशीच राहिली, कारण बाबा सूर सोडायलाच तयार नव्हते. लिहिलेलं केव्हाच संपलं होतं, तरी ते फुंकतच होते.

"अगं, थांबव त्यांना, दम लागेल!" भाऊजी कुजबुजले.

"लागू दे," धाकटी म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि तिला पुसायचे नव्हते.

शेवटी बाबांनीच सूर सोडला. संचालकांनी छडी खाली ठेवली आणि बाबांना रिकाम्या खुर्चीकडे हाताने दाखवलं, बसा म्हणून. टाळ्या कोसळल्या. सगळ्यात आधी उभे राहिले ते थोरले भाऊजी. शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड पकडून ते ओरडत होते, "आमचे वडील आहेत! आणि दात आमच्या धाकटीने बसवलेत, स्क्रूने!"