न सोडलेली गाठ

मित्रांनो, मी एक जुना टाय आहे, आणि एका अख्ख्या घराण्याची प्रतिष्ठा माझ्यावर टांगलेली होती. निदान मामांचं तसं म्हणणं होतं. प्रत्यक्षात टांगलेला मीच असायचो, कपाटाच्या दाराआड, एका खिळ्याला, जुन्या पट्ट्याच्या शेजारी.

माझा रंग गडद निळा, अंगावर बारीक तिरक्या रेघा. दुकानाच्या काचेत मी अशा रुबाबात पडून असे की येणारेजाणारे आधी माझ्याकडे बघत, मग किमतीच्या चिठ्ठीकडे बघत आणि पुढे चालू लागत. मामा तेव्हा सडपातळ होते. त्यांना बिझनेस स्कूलच्या मुलाखतीला जायचं होतं आणि टाय बांधता येत नव्हता. दुकानदाराने मला त्यांच्या गळ्यात बांधून दिलं. मामांची निवड झाली आणि माझं नशीब फुटलं.

"ही गाठ लकी आहे, सोडायची नाही," असं मामांनी जाहीर केलं. तेव्हापासून मला सैल करून डोक्यावरून काढत आणि डोक्यावरूनच घालत. सुरुवातीला कौतुक झालं. मामांच्या लग्नात, बढतीच्या फोटोत मी होतो. पुढे मामा इतके मोठे साहेब झाले की टाय घालायची गरज उरली नाही. मग माझ्या टोकाने ते चष्मा पुसू लागले. एकदा तर कडी तुटलेल्या सुटकेसला मला आवळून बांधलं. गाठ मात्र तशीच. मी यातलं काहीच विसरलो नाही.

मग भाच्याची बिझनेस स्कूलची मुलाखत आली. मामा मला घेऊन बहिणीच्या घरी आले आणि मी त्याच्या गळ्यात पडलो. पोरगं अबोल. मामा त्याला 'मुखदुर्बळ' म्हणत. प्रवेश मिळाला नाही, तर त्याने मामांच्या ऑफिसात, मामांच्या केबिनबाहेरच्या टेबलावर बसायचं, असं मामांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्या टेबलाच्या धास्तीने तो रोज वर्तमानपत्रातलं अर्थकारणाचं पान घोकत असे.

दर रविवारी मामा जेवणाच्या टेबलापलीकडे परीक्षक होऊन बसत. भाचा न्हाणीघराच्या बोळातून दार वाजवून आत येई.

"तुझा वीकनेस सांग."

"मला कुणाला नाही म्हणता येत नाही."

"अरे मुखदुर्बळा, खरा वीकनेस सांगतं का कुणी? म्हणायचं, मी कामात फार बुडून जातो!" आणि मामा टेबलावरून वाकून माझं टोक धरत नि हिसका देत. उत्तर चुकलं की हिसका. भाच्याची मान लाल व्हायची, माझी शिवण उसवायची.

"दादा, गळा आहे तो, घंटा नाही," भाच्याची आई स्वयंपाकघरातून म्हणे.

"दाब आल्याशिवाय माणूस बोलत नाही गं. मॅनेजमेंट आहे ही."

अशाच एका रविवारी मी सूड घ्यायचं ठरवलं. फक्त गळा बदलायची वाट बघायची होती.

मुलाखतीआधीच्या शेवटच्या रविवारी भाचा पुन्हा अडखळला. "काढ तो टाय," मामा गरजले. "आत्मविश्वास कशाला म्हणतात ते दाखवतो." त्यांनी मला स्वतःच्या डोक्यावरून ओढलं. त्यांचं डोकं पूर्वीएवढंच होतं. मान मात्र प्रत्येक बढतीबरोबर वाढत गेली होती. मी निमूट कानांवरून उतरलो. मामांनी झोकात गाठ वर सरकवली. मग तो चष्मा, ती सुटकेस, सगळं एकदम आठवून मी जो आवळलो, तो आवळलो.

मामा लाल झाले, मग जांभळे. गाठ खाली येईना.

"सैल... सैल कर रे!"

भाचा शांतपणे मामांच्याच खुर्चीत बसला. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच खणखणीत ऐकला.

"सर, आपला वीकनेस काय?"

"गाढवा, मी मरतोय!"

"खरा सांगायचा नसतो, सर."

"बु... बुडून जातो! कामात!"

"आणि ऑफिसातलं ते टेबल?"

"नको! येऊ नकोस! कात्री आणा!"

आईने कात्री आणली. "गाठीला हात लावू नको," मामा घुसमटत म्हणाले, "लकी..." तिने मला मानेमागून कापलं. मामा आणि मी एकदमच सुटलो.

मामा पाणी पिऊन निघून गेले. भाच्याने मला मांडीवर घेऊन गाठ सोडवली. आतला रंग अजून दुकानातल्यासारखा गर्द निळा होता. इतकी वर्षं तो मीही पाहिला नव्हता.

भाचा मुलाखतीला उघड्या गळ्याने गेला. इथे प्रवेश कशाला हवा, असं विचारल्यावर म्हणाला, "नाहीतर मामांच्या हाताखाली बसावं लागेल." परीक्षकांतला एकजण इतका हसला की त्यालाही मामा असावेत. निवड झाली.

तेव्हा मित्रांनो, मागणं एवढंच. काम झालं की गाठ सोडा, कापड हाताने सरळ करा, सावलीत टांगा. नाहीतर आम्ही लक्षात ठेवतो.

हल्ली माझ्या एका तुकड्याने रद्दी बांधलेली आहे. दुसऱ्याचा पत्ता नाही. कॉलेजात पहिल्या दिवशी टाय सक्तीचा आहे, म्हणून मामांनी भाच्याला नवा आणून दिला आहे. त्याची गाठ तयारच येते. मागे इलॅस्टिक आहे.