कुर्र होईपर्यंत

बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. तो मान एकदा हातचा गेला की आत्या किती सावध होते, ते योगिनीला विचारा! थोरल्या भाचीच्या वेळी तिने हौसेहौसेने नाव आधीच सांगितलं होतं. योगिनीच्याच आईने, मालनबाईंनी, "शी! हे काय नाव?" म्हणून आयत्या वेळी स्वतःच्या पसंतीचं ठेवून टाकलं. या खेपेला योगिनी मनमाडहून पंचवटीत भावाकडे आली ती तोंडाला कुलूप लावूनच.

नाव होतं गोदा. वहिनीच्या, म्हणजे संध्याच्या, आईचं. ती माउली गेल्याच दिवाळीत गेली, या नातीचं तोंडही न बघता. असलं जुनं नाव मालनबाईंना आधी कळलं असतं, तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

बारशाच्या दिवशी सकाळी सगळे गडबडीत असताना योगिनीने भावाचा लॅपटॉप उघडला. संतोषने ब्राउझरमध्ये एक एआय बसवून ठेवला होता. "गोदा नावाच्या बाळासाठी पाळणा लिही," असं तिने टाइप केलं. पाळणा झकास उतरला, पण तेवढ्यात मालनबाई आत आल्या आणि हिने घाईघाईने टॅब बंद केला.

नाश्त्याला संतोष सहज म्हणाला, "आई, नेटवर विचारलेलं सगळं साठून राहतं बरं का. माझ्या लॅपटॉपवर शोधलेलं संध्याच्या मोबाइलवरही दिसतं."

झालं! योगिनीच्या घशात पोहे अडकले. संध्याचा मोबाइल दिवसभर कुणाच्या हातात? मालनबाईंच्या!

तिने संतोषला ओढतच गॅलरीत नेलं. "मेले रे मी! तुझ्या त्या एआयला नाव सांगून बसले. आता आईला दिसणार!"

संतोषला हसू आवरेना. "अगं ताई, तो नेटवर नाहीच. एकदा उतरवून घेतलाय, आता ब्राउझरच्या आतच चालतो, माझ्या लॅपटॉपवरच. ऑफिसचे कागद बाहेर जाऊ द्यायचे नाहीत, म्हणून मुद्दाम तसा घेतलाय. तू सांगितलेलं नाव मोबाइलवर जायचं सोड, त्या डब्याबाहेरही गेलेलं नाही."

"गोड बोलून गंडवू नकोस."

त्याने लॅपटॉप आणून त्याचं वायफायच बंद केलं. "विचार आता काहीही."

तिने शेवग्याच्या आमटीची कृती विचारली. नेट नसतानाही उत्तर भराभर उतरायला लागलं. आमटीत वेलदोडा घालायला सांगत होता मेला, पण सांगत होता! योगिनी मटकन खुर्चीत बसली. छातीवरचा धोंडाच उतरला.

"आणि माझा पाळणा?"

"जपून ठेवला नव्हतास ना? मग गेला."

"जाऊ दे, जाऊ दे! बरं झालं!" काही हरवल्याचा इतका आनंद तिला जन्मात झाला नव्हता.

संध्याकाळी तिने स्वतःच जुळवलेला पाळणा म्हटला, लंगडतच. मग ती वाकली आणि बाळाच्या कानात म्हणाली, "कुर्र... गोदा!" पाठीत बायकांचे धपाटे पडले.

मालनबाईंनी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांची नजर संध्याकडे गेली. ती पदर तोंडात धरून रडत होती आणि योगिनीचा हात सोडत नव्हती. मालनबाई पाळण्याशी वाकून म्हणाल्या, "गोदे, नाव मिळताच आईला रडवलंस होय गं?"