तीन टिंबांचं चाक

टण्ण.

चाकाचा पहिला बोल्ट आबांनी स्टीलच्या ताटलीत टाकला आणि मी दचकले. आठ महिन्यांत आमच्या पोर्चमध्ये लोखंडाचा आवाज झाला नव्हता. ताटली माझ्या लेकीची, तेजलची, पोह्यांची. बोल्ट हरवू नयेत म्हणून धम्मपाल नेहमी तीच घ्यायचा आणि मी नेहमी ओरडायचे. आज मीच ती पुसून आणून ठेवली होती.

धम्मपाल माझा नवरा. गाडी वळवताना पुढून कटकट आवाज यायला लागला, तेव्हा त्याने दोन्ही बाजूंचे एक्सल, म्हणजे पुढची चाकं फिरवणारे दांडे, आणले. एका रविवारी घरीच एक बसवला. दुसरा पुढच्या रविवारी, म्हणाला. मंगळवारी अंबडला, कंपनीत, पहिल्या पाळीत छातीला हात लावून खाली बसला, तो परत उठला नाही. चौतीस वर्षांचा होता. दुसरा एक्सल खोक्यातच राहिला, पलंगाखाली. रोज झाडताना झाडू त्याला अडायचा.

आता त्याच कंपनीने मला स्टोअरमध्ये घेतलंय. सोमवारपासून जायचं, जाताना तेजलला पाळणाघरात सोडायचं. म्हणून गाडीचा राहिलेला एक्सल बसवायला माझे सासरे, धोंडीराम आबा, मनमाडहून आले. ते रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. धम्मपालला पाना धरायला त्यांनीच शिकवलं आणि स्वतःची एक सवयही लावली. काम ज्याने पुरं केलं, त्याने शेवटच्या नटावर पंचाची टोकदार कांडी ठेवून हातोडीने आपली टिंबं ठोकायची. आबांची दोन, धम्मपालची तीन. "उद्या काही सुटलं तर शिव्या कुणाला द्यायच्या, ते कळाया नको?" आबा म्हणायचे.

त्या रविवारी धम्मपालने तेजलला मांडीवर घेऊन ती टिंबं मोजायला लावली होती. एक, दोन, तीन. चार वर्षांची होती. तेव्हापासून ते 'पप्पांचं चाक'. शाळेतून आली की त्याला एकदा हात लावायची, मगच चप्पल काढायची.

आबा गेटपाशी, गाडीकडे तोंड करून उभे राहिले. "डावा झालाय, उजवा राहिलाय. फोनवर मला तसंच बोलला होता." एवढं म्हणून ते आपल्या उजव्या हाताच्या चाकाशी बसले. समोरून बघताना बाजू उलटी होते, हे चाळीस वर्षं पाना धरलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

पायरीवरून तेजल म्हणाली, "आबा, ते पप्पांचं चाक आहे."

"सगळी गाडीच पप्पांची हाय, बाय. मागं सर, ग्रीस लागंल."

"नाही, पण ते..."

"तेजू, आबांना काम करू दे." हे मीच म्हणाले.

चाक निघालं. मधल्या मोठ्या नटाची कड एक्सलच्या खाचेत ठोकून दाबलेली असते, म्हणजे नट आपोआप फिरत नाही. आबांनी छिन्नीने ती कड उचलली. आठ महिन्यांची धूळ साचली होती, तीत काहीच दिसत नव्हतं. मी आत बसून ब्रेक दाबला. आबांनी पान्याला लांब पाईप लावला.

"धरला का गं?"

"धरलाय."

"जोरात! पाहुण्यांकडं बसल्यासारखा पाय नको ठेवू."

आठ महिन्यांत मी पहिल्यांदा हसले असेन. तेवढ्यात नट सुटला.

"लय सोपा आला," आबा म्हणाले. पण ताटलीत नट पडल्याचा आवाज आला नाही. मी उतरून पलीकडे गेले. त्यांनी नट बनियनला पुसला होता आणि डोळ्यांजवळ धरला होता. तीन टिंबं. एका रेषेत, सारख्या अंतरावर.

"मनाली," ते म्हणाले, "मी पोराचं काम खोललं."

मी त्यांच्याजवळ उकिडवी बसले. "तोच परत बसवा ना, आबा."

त्यांनी नट उजेडात फिरवला. "कड चिरलीय. बसंल. पण भरवसा नाय."

"त्याचा हात लागलाय त्याला."

"म्हणूनच सांगतो. त्यानं असला नट पोरीच्या गाडीला लावला असता?"

मी स्कूटी काढली. खोक्यात नवा नट एकच होता, दुसरा द्वारका चौकातल्या दुकानातून आणला. परत येईपर्यंत आबांनी खऱ्या उजव्या बाजूचं चाक उतरवलं होतं. जुना एक्सल वर्तमानपत्रावर आडवा होता, परातीत गिअरचं तेल थेंब थेंब पडत होतं. दुपारपर्यंत आम्ही नवा एक्सल आत सरकवला, नट आवळला, तेल भरलं. आबांनी आपली दोन टिंबं ठोकली. डावीकडे मात्र ते शेवटपर्यंत बघत नव्हते.

शेवटी तिकडे जावंच लागलं. मी ब्रेक दाबला. त्यांनी नवा नट आवळला, कड खाचेत बसवली. मी खाली उतरून उभी राहिले. आबांनी पंच टेकवला. टक्. पुन्हा टक्. पंच तसाच नटावर राहिला, हातोडी हवेत.

तेजल त्यांच्या खांद्याला टेकून मोजत होती. "अजून एक राहिलं, आबा."

आबांनी हातोडी हळूच खाली ठेवली. "ते माझं नाय, बाय."

चाक चढलं. ताटलीतले बोल्ट एकेक करून संपले. तळाशी तेवढा तो चिरलेला नट राहिला. मी तो ओढणीने पुसून तेजलच्या हातात दिला. तिने अंगठ्याने टिंबं मोजली, तीनही. मग चाकाकडे पाहिलं, परत मुठीतल्या नटाकडे पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "मग आता पप्पांचं चाक कुठलं?"