ताटाची साक्ष

पाळकसाहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढून चर्चमधल्या पुलपिटावर ठेवलं, तेव्हा किल्लीवाल्याच्या बायकोची साक्ष नुकती कुठे ताटापर्यंत आली होती.

"बाई, थांबा. दहा वर्षं ऐकतोय. तुमच्या नव्या जन्माच्या साक्षीत नवऱ्याची दारू आहे, शिव्या आहेत, त्यांनी फेकलेलं ताट आहे. वधस्तंभ कुठाय?"

"शेवटी येतोच की."

"तोवर वेळ संपतो. नवा जन्म तिथूनच सुरू होतो, बाई. आणि तिथं आपलं पाप घेऊन जायचं असतं, नवऱ्याचं नाही. पुढच्या रविवारी तीन मिनिटं."

मागच्या बाकावर किल्लीवाल्याला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. दारू सोडून त्याला नऊ वर्षं झाली होती, पण दर रविवारी बायको सगळ्यांदेखत त्याला पुन्हा पाजायची. कुलूप उघडायला बोलावणाऱ्या मंडळीतल्या बाया त्याला चहा कागदी पेल्यातून देत, फेकला तरी कुणाला लागू नये म्हणून. ताटाचा विषय निघाला की तो केस कपाळावर ओढून घेई आणि खाली बघत बसे. स्वतः साक्ष द्यायला तो कधी उठला नव्हता. सांगण्यासारखं सगळं बायकोनं आधीच सांगून टाकलं होतं.

आठवडाभर घरात तिचं तोंड फुगलेलं. भांडी घासता घासता साक्ष छाटणं चाललं होतं. दारू गेली, शिव्या गेल्या. ताट मात्र काही केल्या जाईना. शनिवारी तिनं हातातलं ताट तसंच धरून नवऱ्याच्या कपाळाकडे बराच वेळ पाहिलं. तो गुपचूप बाहेर सटकला.

रविवारी ती उभी राहिली.

"ताट यांनी नाही फेकलं. मी फेकलं. यांच्या कपाळावरची खूण त्याचीच. माझं पाप मी दहा वर्षं यांच्या नावावर खपवलं. त्यासाठी प्रभू वधस्तंभावर गेला. मला क्षमा हवी आहे."

ती खाली बसली. अख्खी मंडळी मागे वळून कपाळ बघू लागली.

"आणि तुम्ही कधी बोलला नाहीत?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"साक्ष तिची होती," किल्लीवाला म्हणाला. "मध्ये तोंड कसं घालणार?"

दोघं घरी निघाली.

"राग आला?" तिनं विचारलं.

"नाही. पण माझ्या दारूबद्दल एक अक्षर नाही?"

"ती तुमची आहे. तुम्ही न्या वधस्तंभापाशी."

किल्लीवाला थांबला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याच्या वाट्याला स्वतःची साक्ष आली होती.

"तीन मिनिटं पुरतील?"

"मला एक पुरलं."

त्यानं कपाळावरचे केस मागे सारले आणि चालता चालता पहिलं वाक्य जुळवायला घेतलं.