डोळे मिटवणारी छडी

घाबरू नका, मित्रांनो. मी एक जुनी वेताची छडी आहे. मारणं मी केव्हाच सोडलं, आता नुसती टकटक करते. पस्तीस वर्षं चर्चमध्ये काढलेल्या छडीला एवढं वैराग्य शोभतंच.

माझा जन्म १९०० सालचा, भर दुष्काळातला. वाशीमच्या बाजारात रज्जाकमियाँनी मला निखाऱ्यावर शेकून सरळ केलं. उपदेशक दौलतराव मला घ्यायला आले तेव्हा मियाँनी विचारलं, "बैलासाठी पाह्यजे का पोरासाठी?"

"देवाच्या घरासाठी," दौलतराव म्हणाले.

"मंग लांब घ्या. मांगच्या रांगेवरी पोचली पाह्यजे."

तशी मी पोचत असे. दुष्काळात पोरकी झालेली तीसेक मुलं मिशनच्या आश्रमात होती. रविवारी ती चर्चमध्ये चटईवर बसत आणि उपासना शिकत. गाताना उभं राहायचं, उपदेशाला जांभई द्यायची नाही, प्रार्थनेला डोळे मिटायचे. गाणं मुलांना आवडे. जांभई त्यांना आवरत नसे. पण ती मोठ्यांनाही आवरत नसे, म्हणून माफ होती. डोळ्यांना माफी नव्हती. कोणाचे डोळे उघडे आहेत हे पाहण्यासाठी दौलतराव स्वतःचे उघडे ठेवत. त्यात त्यांची प्रार्थना राहून जाई. पण शिस्तीसाठी माणसाला एवढा त्याग करावाच लागतो.

आसेगावकडून आलेली सहा वर्षांची कमली डोळे मिटत नव्हती. सारखी दाराकडे पाहत बसे. दोन रविवार मी तिच्या पाठीवर पडले. तिसऱ्या रविवारी आश्रमात मुलांचा स्वयंपाक करणाऱ्या नानीबाई मध्ये आल्या.

"तिले कायले मारता, दौलतराव? तुमचेही डोये उघडेच असतात."

"माझं ते काम आहे, नानीबाई."

"मंग तिचंही कामच हाय. इचारा तिले."

कमली म्हणाली, "मायनं इथल्या फाटकापाशी सांगतलं, डोये मीट, भाकर देतो. म्या मिटले. उघडले त माय नोती."

दौलतराव वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर ही गोष्ट सांगणं मला सोपं गेलं असतं. ते तिच्यासमोर उकिडवे बसले. "तुझ्याऐवजी मी दाराकडे पाहतो. तुझी आई आली की लगेच हाक मारतो. तू खुशाल मीट."

"पक्कं?"

"पक्कं."

पुढच्या रविवारी कमलीने डोळे मिटले, इतके घट्ट की नाकावर सुरकुत्या पडल्या.

महिन्याभराने एक बाई चर्चच्या दारात येऊन उभी राहिली. हाडांवर लुगडं गुंडाळल्यासारखी दिसत होती. तिची नजर तीस डोक्यांवरून फिरत नेमकी कमलीवर थांबली. दौलतरावांनी ते पाहिलं. पण पाद्रीसाहेबांची प्रार्थना चालली होती. ती लांब असे, आणि मध्येच मोडायची हिंमत कोणात नव्हती. 'जरा थांब' असं सांगायला दौलतरावांनी हात वर केला. हातात मी होते.

दारात उभ्या राहिलेल्या भुकेल्या बाईला उगारलेली छडी काय सांगते, हे तिला कोणी शिकवावं लागत नाही. आमेन होताच दौलतराव धावत बाहेर गेले. फाटकापर्यंत गेले, बाजारापर्यंत गेले. परत आले तेव्हा कमलीने विचारलं, "आली का?"

"नाही," ते म्हणाले.

त्या नाताळात नीट डोळे मिटल्याबद्दल कमलीला रंगीत चित्राचं बक्षीस मिळालं.

दौलतराव जाऊन बरीच वर्षं झाली. आता लहान मुलांना कमलीबाईच शिकवतात. दौलतरावांची आठवण म्हणून त्या मला जपतात, दर नाताळाला जवसाचं तेल चोळतात. एवढी माया कुठल्या छडीच्या वाट्याला आली नसेल. प्रार्थनेआधी त्या मला जमिनीवर दोनदा आपटतात आणि मुलांना म्हणतात, "मिटा डोये. मलेही असंच शिकवलं. माह्यं काय वाईट झालं?"

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मला जपू नका. चुलीत घाला, तेल भरपूर मुरलं आहे, लगेच पेटेन. आणि दारात कोणी आलं, तर प्रार्थना अर्धी सोडून उठा. देवाला थांबायची सवय आहे.