मारलेली विहीर

"मेली का ती?"

फोनवर वहिनींचा आवाज इतका हळू होता, की रीळवाल्याने केबिनचं दार लावून घेतलं. समोरच्या दाबाच्या मीटरचा काटा शून्यावर टेकला होता.

"मारली, वहिनी. आत्ताच."

पलीकडे एक लांब श्वास ऐकू आला आणि फोन बंद झाला.

तो खोटं बोलला नव्हता. तेलविहिरींत रिळावरची नळी सोडणाऱ्या त्यांच्या धंद्यात विहीर मारणं म्हणजे आत जड पाणी भरून तिचा दाब दुरुस्तीपुरता बसवणं. सतरा नंबरच्या तेलविहिरीची आतली नळी सडून गळत होती. पोटात तात्पुरतं बूच बसवायचं, वरची गळती बुजवायची आणि बूच काढून घ्यायचं, की बाई पुन्हा तेल ओकायला मोकळी. हे वहिनींना सांगायला त्याची जीभ रेटली नाही. खरं म्हणजे 'मारली' हा शब्द त्यालाही तोंडात गोड लागला होता.

याच विहिरीने त्याच्या दादाला खाल्लं. असंच एक बूच कोणीतरी नीट न तपासता 'चालेल' म्हणून सोडलं आणि ते सुटून वर उसळलं. 'चालेल' म्हणणारे बदल्या घेऊन पांगले. राग धरायला उरली ती विहीर. तिचा वायू जाळणारी उंच ज्योत घराच्या स्वयंपाकघरातून दिसायची, म्हणून वहिनींनी ती खिडकीच बंद करून टाकली होती. स्वयंपाकाच्या धुराने डोळे चुरचुरले तरी उघडत नसत.

त्या संध्याकाळी तो घरी गेला तर खिडकी सताड उघडी. बाहेर नुसता काळोख.

"भाऊजी, दुपारी झोप लागली हो मला," वहिनी हसून म्हणाल्या. "अगदी मेल्यासारखी झोपले."

त्याने मान खाली घालून जेवण उरकलं.

गळती बुजली, तपासण्या झाल्या आणि बूच काढायचा दिवस आला. रिळावरची लांबलचक पोलादी नळी उलगडत त्याने विहिरीत सोडली. टोकाच्या आकड्याने बुचाची मान पकडली. आता आधी बुचाच्या वरचा आणि खालचा दाब सारखा करायचा, मगच ओढायचं. तसं न करता हिसका दिला की मान तुटते, आणि बूच आत रुतून विहीर कायमची बंद पडते. चौकशी झाली असती, 'जुनी विहीर, व्हायचंच' म्हणून मिटली असती. आणि वहिनींची खिडकी उघडी राहिली असती.

त्याने लिव्हरवर मूठ आवळली.

"गिळलंस ना माझ्या दादाला?" तो पुटपुटला. "आता घुसमटून मर."

खाली फिटर व्हॉल्व्हचं चाक धरून विहिरीच्या तोंडाशी उभा होता. दादा उभा असायचा तिथेच. त्याने वर पाहून हाक मारली, "ओढताय का? बाजूला होऊ?"

मान तुटली असती तर प्रश्न नव्हता. पण न तुटता बूच सुटलं असतं तर वर काय उसळतं, ते रीळवाल्याने एकदा पाहिलं होतं.

"थांब रे," तो ओरडला. "दाब सारखा करू दे आधी."

मग त्याने विहिरीला शिव्या घालत घालत बूच अलगद वर काढलं. साहेबांनी पाठ थोपटली. "रीळवाले, जिवंत केलीत हो हिला!" त्यांच्या तोंडात एक ठेवून द्यावी असं त्याला वाटलं.

घरी पोचला तेव्हा स्वयंपाकघराची भिंत तांबूस झाली होती. वहिनी खिडकीशी उभ्या होत्या.

"मारली म्हणाला होतात."

"दुरुस्तीपुरतीच मारतात, वहिनी. मी सांगितलं नाही."

"मग जिवंत कोणी केली?"

"मीच."

वहिनींनी एकदा त्या ज्योतीकडे पाहिलं.

"मेली होती तेवढे दिवस झोप तरी लागली," त्या म्हणाल्या आणि खिडकी ओढून घेऊ लागल्या. उघडी राहून तिचं लाकूड फुगलं होतं, कडी बसेना. तो मदतीला उठला.

"राहू द्या. तुमच्या हातांना तिचा वास येतोय."

त्यांनी खांदा लावून खिडकी दाबली. कडी बसेपर्यंत तो दोन्ही हात मागे धरून उभा राहिला.